माल दुसऱ्याचा, शब्द मात्र आपला

मैत्रिणींनो, ‘ड्रॉपशिपिंग’ हा शब्द आता आपल्या देवळ्यातही चांगलाच ओळखीचा झाला आहे. बचत गटाची बैठक संपता संपता किंवा मुलांना शाळेत सोडून परतताना कुणीतरी हळूच विचारतं, ‘ताई, ते घरबसल्या, भांडवलाशिवाय धंद्याचं खरं असतं का हो?’ विचारणाऱ्या बहुतेक जणी बारावी, बी.ए., कुणी डी.एड. झालेल्या असतात. घरी सासू-सासरे, लहान मुलं, हंगामात कांद्याची कामं. नोकरीसाठी रोज नाशिक गाठणं जमत नाही, आणि पाच कंदिलाजवळ गाळा घ्यायचा तर अनामत कुठून आणायची? हातात मोबाईल मात्र आहे, आणि आपले स्वतःचे चार पैसे असावेत ही इच्छाही आहे.

या इच्छेला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. लेकीच्या वहीपासून स्वतःच्या चपलेपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी हात पसरावा लागणं काय असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणूनच या धंद्याबद्दल खरं काय आणि भूलथापा काय, हे एकदा नीट बोलायला हवं.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. ड्रॉपशिपिंगमध्ये माल आपल्या घरी येतच नाही. सुरतच्या किंवा भिवंडीच्या पुरवठादाराकडे तो पडून असतो. आपण त्याचे फोटो आपल्या ग्रुपवर टाकायचे, गिऱ्हाइकाने पसंत केलं की ऑर्डर घ्यायची, पुरवठादाराला कळवायची आणि त्याचे पैसे द्यायचे. तो माल थेट गिऱ्हाइकाच्या दारात पाठवतो. त्याची किंमत आणि आपण लावलेली किंमत यांतला फरक तो आपला नफा. ना गोदाम, ना दुकान, ना न खपलेल्या मालाची काळजी.

ऐकायला नवं वाटतं, पण कसमादे पट्ट्यातल्या बाईला हे नवं नाही. देवळ्याच्या किंवा उमराण्याच्या बाजार समितीतला अडत्या आठवा. कांदा त्याच्या शेतातला नसतो आणि तो खाणारा माणूसही त्याच्या ओळखीचा नसतो. तो मधला माणूस. तरी शेतकरी ट्रॅक्टर घेऊन त्याच्याच दारात का येतो? कारण त्याच्याकडे माल घातला की पैसे बुडणार नाहीत, असा भरवसा असतो. २०१६ साली फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा बदल सरकारने केला. पण अडत्याचं मूळ काम तेच राहिलं. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांच्या मध्ये तो उभा राहतो, आणि त्याची सगळी कमाई त्याच्या पतीवर चालते. पत गेली की गाळा असून उपयोग नाही.

न पाहिलेला माल घरपोच मागवण्याची सवयही जुनीच. व्ही.पी.पी. आपल्या देशात १८७७ साली सुरू झाली. जाहिरात वाचून पत्र टाकायचं, पोस्टमन पार्सल आणणार, पैसे मोजल्यावर पार्सल हातात. आजच्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ची ती आजीच म्हणायची.

मोबाईलवरून हा व्यवहार घरातल्या बाईपर्यंत आणण्यात ‘मीशो’चा मोठा वाटा आहे. आय.आय.टी. दिल्लीतून शिकलेल्या विदित आत्रे आणि संजीव बर्नवाल या दोघांनी २०१५ साली ती कंपनी काढली. बाईने ॲपवरचे फोटो व्हॉट्सॲपवर ओळखीच्यांना पाठवायचे, त्यावर आपला नफा लावायचा. माल पोचवणं आणि पैसे गोळा करणं कंपनीकडे. लाखो बायकांनी पहिली कमाई अशी केली. ‘ग्लोरोड’ही याच वाटेवरची कंपनी, २०२२ साली ती ॲमेझॉनने विकत घेतली.

पण पुढे काय झालं तेही लक्षात घ्या. २०२१ च्या सुमारास ‘मीशो’ने आपला रोख थेट गिऱ्हाइकाकडे वळवला. म्हणजे जी साडी तुम्ही शंभर रुपये वाढवून शेजारणीला दाखवत होता, तीच साडी तिला स्वतःच्या मोबाईलवर मूळ किमतीत दिसायला लागली. अशा वेळी तिने शंभर रुपये तुम्हाला का द्यावेत? या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नसेल, तर हा धंदा सुरू करण्यात अर्थ नाही. ‘मला फोटो पाठवता येतात’ हे उत्तर आता चालत नाही. फोटो सगळ्यांकडेच आहेत.

माझ्या मते उत्तर एकच आहे. ती तुम्हाला जादा पैसे देईल ते तुमच्या शब्दासाठी. ‘हे कापड मी धुऊन पाहिलंय, रंग जात नाही. नाही आवडलं तर मला परत दे, मी बघते,’ हे तिला कुठलंही ॲप तिच्या भाषेत, तिच्या ओट्यावर बसून सांगणार नाही. त्यामुळे ‘भांडवल लागत नाही’ ही जाहिरात मला पटत नाही. भांडवल लागतं. आपलं नाव पणाला लावावं लागतं, आणि देवळ्यासारख्या गावात ते एकदा गेलं की परत कमवायला वर्षं लागतात.

ओळखीतल्या एका सुनेची हकीकत सांगते. नाव-गाव सांगत नाही. संक्रांतीच्या आधी तिने गटातल्या नऊ जणींना साड्या मागवून दिल्या. पुरवठादार कुठल्याशा ग्रुपवर भेटलेला, फोटो अगदी झकास. पहिल्याच धुण्यात रंग गेला आणि पुरवठादाराने फोन उचलणं बंद केलं. तिने नऊही जणींचे पैसे साठवणीतून परत केले. कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही, पण त्यानंतर तिच्या स्टेटसवरचा माल कुणी विचारेना. हळदी-कुंकवाला जायचं म्हटलं तरी तिच्या पायात गोळे यायचे. शहरातल्या दुकानदाराचं एक गिऱ्हाईक तुटलं तर दुसरं मिळतं. आपली गिऱ्हाइकं म्हणजे जावा, नणंदा, शेजारणी, लेकराच्या बाई. त्यांच्याशी धंदा तुटत नाही, नातं तुटतं. तिने पैसे परत केले हे योग्यच केलं; तिची वेळ आली ती माल हातात न घेता शब्द दिल्यामुळे.

आता जरा हिशेब मांडू. समजा, साडी तुम्हाला कुरिअरसह ४५० रुपयांना पडते आणि तुम्ही ती ६०० ला विकता. दहा ऑर्डरी आल्या की मनात लगेच १,५०० रुपये नफा जमा होतो. पण दोघींनी पार्सल दारातूनच परत पाठवलं. पुरवठादाराने साडी परत घेतली, पण जाण्या-येण्याचे १४० रुपये प्रत्येकी कापले; गेले २८०. एक साडी फाटकी निघाली, पुरवठादाराने हात वर केले, आणि तुम्ही गिऱ्हाइकाचे पैसे परत दिले. तुमचे ४५० गेले. उरलेल्या सात साड्यांवर १,०५० मिळाले. सगळं वजा जाता हातात राहिले ३२० रुपये, आणि त्यातूनच मोबाईलचं रिचार्ज! तेच पुरवठादार सरळ असता आणि फाटकी साडी बदलून दिली असती, तर हेच गणित ९२० वर आलं असतं. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण सांगायचा मुद्दा खरा आहे. नफा किती हे तुम्ही लावलेल्या किमतीपेक्षा पुरवठादार कसा आहे आणि माल किती परत येतो, यावर ठरतं.

म्हणून पहिल्या महिन्यात विकायची घाई करू नका. आधी स्वतःसाठी मागवा. ज्या वस्तूचा फोटो टाकायचा, ती एकदा तरी आपल्या हातात आलीच पाहिजे. गाऊन असेल तर दोनदा धुवा, आठवडाभर वापरा. चादर असेल तर उन्हात वाळवून रंग बघा. पार्सल किती दिवसांत आलं, शिवण कशी होती, मापात फरक किती, हे वहीत लिहा. मग एक वस्तू मुद्दाम परत पाठवून बघा. माल देताना सगळेच गोड बोलतात; परत घेताना कोण कसं बोलतं, त्यावरून पुरवठादार कळतो. या परीक्षेला हजार-दीड हजार रुपये लागतील. ती या धंद्याची फी समजा.

दुसरी गोष्ट, सगळंच विकायला जाऊ नका. आज साडी, उद्या मिक्सर, परवा गोरं होण्याचं क्रीम असं केलं की आपण कशातल्याच जाणकार उरत नाही. ज्यातलं आपल्याला कळतं ते एकच धरा. कुणाला कापडातलं कळतं, कुणाला लहान मुलांच्या कपड्यांतलं, कुणाला वाणाच्या वस्तूंतलं. चेहऱ्याला लावायच्या आणि पोटात घ्यायच्या वस्तूंपासून सुरुवातीला दूरच राहिलेलं बरं. तिथे चूक झाली तर ती पैशाने भरून निघत नाही. मोठ्या कंपन्यांच्या नावाचा स्वस्त नकली मालही नकोच. तो गुन्हा आहे.

फोटोबाबत एक कडक नियम स्वतःला घालून घ्या. पुरवठादाराने पाठवलेल्या गोऱ्या मॉडेलचा फोटो टाकला तरी सोबत आपल्या घरात, खिडकीच्या उजेडात काढलेला साधा फोटो टाका. रंगात फरक असेल तर तसं लिहा. आणि नावं जपून वापरा. आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण देते. हजार-दीड हजारात ‘येवला पैठणी’ म्हणून किती फोटो फिरतात! पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हातमागावरची खरी रेशमी पैठणी विणायला कित्येक दिवस, नक्षी भरगच्च असेल तर महिने लागतात. ती त्या किमतीत कशी मिळेल? यंत्रमागावरची पैठणीसारखी साडी विकण्यात गैर काही नाही. तीही सुंदर दिसते आणि हौसेला परवडते. पण तिला तिच्याच नावाने विका. आपल्या एका खोट्या शब्दाने गिऱ्हाईक फसतं आणि येवल्याच्या मागावर बसलेल्या विणकराच्या पोटावरही पाय पडतो.

तिसरी गोष्ट उधारीची. ‘लिहून ठेव गं, कांद्याचे पैसे आले की देते,’ हे वाक्य आपल्याला पाठ आहे. ते लबाडीचं नसतं, आपल्याकडचं जगणंच तसं आहे. ८ डिसेंबर २०२३ पासून ४ मे २०२४ पर्यंत कांद्याच्या निर्यातीवर बंदी होती. अशा वेळी भाव पडतो, आणि घरातल्या खर्चाची पहिली कात्री बाईच्या साडीवर चालते हे आपण जाणतोच. पण पुरवठादाराला कांद्याचं काही देणंघेणं नाही. त्याला पैसे आज हवेत. दुकानदार उधारी सोसतो कारण त्यालाही व्यापाऱ्याकडून उधार मिळतं. आपल्याला ते मिळत नाही. तेव्हा जाऊ असो की नणंद, निम्मे पैसे आगाऊ घ्या, आणि हे पहिल्या दिवसापासून सांगा. ‘माझा नियमच आहे बाई,’ असं हसून म्हटलं की कुणाला राग येत नाही. नियम मध्येच बदलला तर येतो.

आता शिकवण्यांबद्दल. ‘ड्रॉपशिपिंग शिका, महिन्याला लाख कमवा’ अशा जाहिरातींचा नुसता पाऊस पडतो आहे. त्यातल्या बऱ्याच जणांचा खरा धंदा माल विकण्याचा नसून शिकवणी विकण्याचा असतो. अमेरिकेतले धडे जसेच्या तसे उचलून ‘चीनच्या अलीएक्सप्रेसवरून माल उचला’ असं सांगणाराही भेटेल. ते ॲप भारत सरकारने २४ नोव्हेंबर २०२० रोजीच बंद केलं. शिवाय दारात पैसे देण्याची पद्धत, परत येणारी पार्सलं, उधारी यांतलं काही त्या धड्यांत नसतं. कुणी काम देण्यासाठी आधी नोंदणी फी किंवा किटचे पैसे मागितले तर तिथूनच राम राम ठोका. ‘तुमचं बँक खातं वापरायला द्या, कमिशन देतो’ असं कुणी म्हटलं तर मुळीच देऊ नका. फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांतून फिरतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. ओ.टी.पी. कुणालाच सांगायचा नाही, हे तर तुम्ही जाणताच. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितकी घाई कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

कागदपत्रांचा बाऊ नको, पण अज्ञानही नको. महाराष्ट्रात मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जी.एस.टी. नोंदणी लागत नाही. मोठ्या वेबसाइटांवरून विकणाऱ्यांना पूर्वी ही सवलत नव्हती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना ती काही अटींवर मिळाली. राज्याबाहेरच्या गिऱ्हाइकाला विकायचं तर सहसा नोंदणी लागतेच. धंदा थोडा स्थिरावला की एकदा कर सल्लागाराकडे जाऊन या. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका. आणि एक लक्षात असू द्या, २०२० साली आलेल्या ई-कॉमर्सच्या नियमांनुसार माल सदोष निघाला किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. ‘मी फक्त फोटो पाठवला, माल त्याचा’ हे सांगून आपण सुटत नाही.

या बाबतीत अमेरिकेतल्या ‘झॅपोस’ या बुटांच्या दुकानाची गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९९९ साली निक स्विनमर्न नावाच्या तरुणाने गावातल्या दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले आणि ते इंटरनेटवर टाकले. ऑर्डर आली की दुकानातून बूट विकत घ्यायचे आणि पाठवायचे. लोक न बघता बूट घेतात की नाही, एवढंच त्याला पाहायचं होतं. पुढे कंपनी वाढली, पुष्कळ माल थेट बूट बनवणाऱ्यांकडून गिऱ्हाइकाकडे जाऊ लागला. पण माल वेळेवर पोचतो की नाही यावर कंपनीचा ताबा राहीना. २००३ साली त्यांनी ही पद्धत बंदच केली. तेव्हा त्यांच्या विक्रीचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यातून येत होता, तरीही! गिऱ्हाइकाचा भरवसा त्यांना त्याहून मोठा वाटला. २००९ साली ॲमेझॉनने ती कंपनी विकत घेतली.

आपणही या धंद्याकडे असंच पाहावं असं मला वाटतं. ही सुरुवातीची पायरी आहे. सहा महिने, वर्षभर दुसऱ्याचा माल विकताना आपल्याला कळतं की लोहोणेरला काय खपतं, मेशीला काय चालत नाही, लग्नसराईत काय विचारतात, कोणत्या किमतीला ‘महाग आहे गं’ म्हणतात. ही माहिती सोन्यासारखी आहे. मग जे हमखास खपतं त्याचे दहा-वीस नग स्वतः आणून ठेवा. शिवणकाम येत असेल तर आपलाच माल करा आणि त्याचे फोटो दुसऱ्या गावच्या बायकांना विकायला द्या. तेव्हा पुरवठादार तुम्ही असाल, आणि पुरवठादाराने कसं वागायला हवं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! बचत गटात असाल तर १९७५ पासून काम करणारं महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ अभियान यांच्याकडे प्रशिक्षणाची, विक्रीची चौकशी जरूर करा.

आणि शेवटचं, पण महत्त्वाचं. खातं स्वतःच्या नावावर उघडा. वही स्वतः लिहा. आलेला पैसा, गेलेला पैसा, परत आलेलं पार्सल, सगळं. घरखर्चाचे पैसे आणि धंद्याचे पैसे एका डब्यात ठेवू नका. ‘काय ते मोबाईलवर टाइमपास करते’ असं घरचे पहिल्यांदा म्हणतीलच. त्यांच्याशी वाद घालत बसू नका. तीन महिन्यांनी वही पुढे ठेवा. नफा ३२० असेल तर तेवढाच दाखवा. बाईने खरा हिशेब मांडला की घरातही तिच्या शब्दाला वजन येतं, आणि आपल्याला याच शब्दावर धंदा करायचा आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, करायचं असेल तर जरूर करा. फक्त पहिला फोटो ग्रुपवर टाकण्याआधी ती वस्तू एकदा आपल्या हाताने उलटीपालटी करून बघा, आणि स्वतःला विचारा, ‘ही मी माझ्या बहिणीला दिली असती का?’ उत्तर ‘हो’ आलं, तरच तो फोटो पुढे पाठवा.